गुण देणारे आणि गुण घेणारे

मराठीत 'गुण' हा मोठा चमत्कारिक शब्द आहे. माणसाच्या अंगी जे चांगले असते त्यालाही आपण गुण म्हणतो आणि परीक्षेच्या कागदावर मास्तर तांबड्या शाईने जो आकडा लिहितात त्यालाही गुणच म्हणतो. औषधाचा गुण येतो, संगतीचा गुण लागतो आणि गणितात शंभरापैकी पंच्याऐंशी गुण मिळतात. शब्द एकच, पण या अर्थांमध्ये केवढे अंतर आहे! पहिल्या प्रकारचा गुण घ्यावयाचा असतो, म्हणून तो ओळखणाऱ्याला आपण गुणग्राहक म्हणतो. दुसऱ्या प्रकारचा गुण द्यावयाचा असतो आणि तो देणाऱ्याला परीक्षक म्हणतात. एकाच्या हातून घेणे घडते, दुसऱ्याच्या हातून देणे. आणि गंमत अशी, की घेणारा श्रीमंत होतो आणि देणाऱ्याच्या पदरात पुष्कळदा काहीच पडत नाही.

हे सारे आठवण्याचे कारण दूरचित्रवाणीवरील गाण्याच्या स्पर्धा. रात्रीची जेवणे आटोपतात, मागची आवराआवर अर्धीमुर्धी होते आणि घरातली मंडळी पडद्यासमोर येऊन बसतात. नागपुरात धंतोलीतला बंगला असो की महालातला जुना वाडा असो, देखावा फारसा निराळा नसतो. पडद्यावर एखादी बारा-तेरा वर्षांची मुलगी तानपुऱ्याच्या सुरात सूर मिळवते. आजीचे डोळे आपोआप मिटतात आणि तिच्या तोंडून शब्द निघतात, "काय गाते व पोट्टी!" तेवढ्यात नातू तिला गप्प करतो, "थांब ना आजी, मार्क सांगताहेत!" या एका क्षणात दोन्ही अर्थांचे गुण समोरासमोर येतात. आजीने गुण घेतलेला असतो. नातू गुण दिले जाण्याची वाट पाहत असतो. गाणे दोघांनी एकच ऐकले. मग दोघांपैकी खरे कोणी ऐकले?

या प्रश्नाचे उत्तर 'आजीने' असे चटकन देऊन मोकळे होण्याचा मोह होतो. जुने ते सोने म्हणणाऱ्याला टाळ्याही मिळतात. परंतु प्रश्न इतका सोपा नाही. गाण्याला गुण देण्याची रीत दूरचित्रवाणीने आणलेली नाही. आकाशवाणीचे नागपूर केंद्र १९४८ साली सुरू झाले. त्यानंतर काही वर्षांतच, बाळकृष्ण केसकर केंद्रात नभोवाणीमंत्री असताना, देशभर कलावंतांच्या चाचण्या घेऊन त्यांना श्रेणी देण्याची पद्धत रुजली. नामवंतांनासुद्धा 'बी', 'बी हाय', 'ए' अशी अक्षरे नावापुढे लावून घ्यावी लागली आणि पुष्कळांचा त्यामुळे जीव दुखावला. मात्र एक फरक होता. ती श्रेणी कचेरीतल्या कागदावर राहत असे. काटोलच्या किंवा उमरेडच्या घरी रेडिओला कान लावून बसलेल्या श्रोत्याला ती कोणी सांगत नसे. त्याच्यापर्यंत केवळ गाणे पोहोचे आणि ते आवडले की नाही याचा निवाडा तो आपल्याशीच करी.

दूरचित्रवाणीही आरंभी याच वळणाने गेली. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्यानंतरची कितीतरी वर्षे पडद्यावर गायक येई, बैठक मारून बसे, गाई आणि नमस्कार करून निघून जाई. १९९५ साली एका खाजगी वाहिनीने 'सा रे ग म' ही स्पर्धा आणली. सोनू निगम तिचे सूत्रसंचालन करीत. पुढे तिच्या नावाला पंचमही मिळाला आणि ती 'सा रे ग म प' झाली. श्रेया घोषाल हा आवाज देशाला याच मंचावरून ठाऊक झाला. पुढे श्रोत्यांनी भ्रमणध्वनीवरून संदेश पाठवून मत द्यावे, अशी सोय निघाली आणि परीक्षकाची खुर्ची घराघरात जाऊन पोहोचली. आता घरी बसलेला माणूस केवळ श्रोता उरला नाही. तो मतदार झाला.

या स्पर्धांनी जे भले केले तेही मोकळ्या मनाने सांगितले पाहिजे. नागपूर ते मुंबई हे अंतर रेल्वेने आठशे किलोमीटरांहून अधिक आहे. पण गाणाऱ्या मुलीच्या दृष्टीने ते त्याहून कितीतरी मोठे होते. ओळख नाही, घराणे नाही, चित्रपटसृष्टीत कोणी मामा-काका नाही, अशा विदर्भातल्या मुलीने तिथपर्यंत पोहोचायचे कसे? वैशाली माडे यांनी आधी मराठी 'सा रे ग म प' आणि मग २००९ साली हिंदीतील 'सा रे ग म प' जिंकले आणि २०१५ च्या 'बाजीराव मस्तानी'त श्रेया घोषाल यांच्याबरोबर त्यांचा आवाज ऐकू आला, तेव्हा विदर्भातल्या लहान गावांतल्या कित्येक आईबापांना आपल्या मुलीचे गाणे ही वेळ दवडण्याची गोष्ट नाही, असे प्रथमच वाटले असेल. जे दार पिढ्यान् पिढ्या बंद होते ते उघडले गेले. स्पर्धेला नाक मुरडणाऱ्याने आधी हे ध्यानात घ्यावे. ज्याला दिवाणखान्यातून आत जाता येते, त्याने खिडकीतून येणाऱ्याला नावे ठेवू नयेत.

शिवाय चुरस तरी आपल्याला नवी कुठे आहे? कलगीवाले आणि तुरेवाले शाहीर एकमेकांना कूटप्रश्न घालून रात्र जागवीत. खंजिरीवर राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची भजने म्हणणाऱ्या मंडळांच्या स्पर्धा विदर्भातल्या खेडोपाडी आजही होतात. आणि नागपूरच्या वस्त्यावस्त्यांतून रंगणाऱ्या कव्वालीच्या सामन्यांविषयी काय सांगावे! १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर बाबासाहेबांचा विचार घरोघर नेण्याचे काम या कव्वालांनी केले. नागोराव पाटणकरांसारख्यांचे नाव जुनी माणसे अजून आदराने घेतात. 'दुय्यम कव्वाली' म्हटले की दोन पक्ष समोरासमोर येणारच, आणि समोरच्याने टाकलेला शब्द खाली पडू न देता परत फिरवणे, यातच गाणाऱ्याचे कसब.

मग या जुन्या सामन्यात आणि आजच्या स्पर्धेत वेगळे काय आहे? माझ्या मते वेगळेपण हरणाऱ्याला काय मिळते यात आहे. कव्वालीच्या सामन्यात एक पक्ष दुसऱ्याला उत्तर देतो. म्हणजे त्याचे आधी नीट ऐकून घेतो. प्रतिस्पर्धी जितका तयारीचा, तितके आपले उत्तर सरस व्हावे लागते. रात्र संपता संपता एखादा पक्ष निरुत्तर झालाच, तर लोक हसतात, टाळ्या पिटतात आणि पुढच्या जयंतीला त्याच दोघांना पुन्हा आमंत्रण देतात. हरलेला घरी जातो तो नवा जबाब रचण्यासाठी. थोडक्यात, तेथे हार ही संवादातली एक पायरी असते.

पडद्यावरच्या स्पर्धेत दर आठवड्याला एक जण गळतो. त्याला उत्तर देण्याची संधी नाही, कारण त्याला प्रश्नच कोणी विचारलेला नाही. त्याला आकडा सांगितलेला आहे. आकड्याशी वाद घालता येत नाही. आणि उरलेले जे असतात त्यांचे राहणे दुसऱ्याच्या जाण्यावर अवलंबून असते. एकाचा सूर लागला म्हणून दुसऱ्याने मनातून धास्तावावे, ही अवस्था गाणाऱ्यासाठी चांगली खास नव्हे. सामना माणसांना एकमेकांचे ऐकायला लावतो. गळती त्यांना एकमेकांकडे चोरून पाहायला लावते.

हा विचार नागपूरच्याच एका नाटककाराने फार खोलवर केलेला आहे. रंजन कला मंदिर ही संस्था काढून नागपुरात नाटकाचे वेड पिकवणारे पुरुषोत्तम दारव्हेकर यांचे 'कट्यार काळजात घुसली' हे नाटक १९६७ साली रंगभूमीवर आले. त्याचे संगीत जितेंद्र अभिषेकींचे आणि त्यातले खाँसाहेब वसंतराव देशपांड्यांचे. पुढे २०१५ साली त्यावर चित्रपटही निघाला, तो बहुतेकांनी पाहिला असेलच. संस्थानचा राजगायक कोण हे ठरवण्यासाठी दोन गायकांत सामना होतो आणि विजेत्याला मानाची कट्यार मिळते. त्या कट्यारीने केलेला एक खून माफ! गाण्याच्या बक्षिसाला नाटककाराने शस्त्राचे रूप दिले आणि वर खुनाची मुभाही दिली, यातच त्याला काय म्हणायचे आहे ते आले. खाँसाहेबांच्या गाण्यात काही उणे नसते. ते खरोखरच थोर गवई असतात. परंतु गाणे मोठे असूनही, ते दुसऱ्यापेक्षा मोठे ठरले पाहिजे ही तहान त्यांचे घर जाळते. कट्यार मिळते आणि शांती जाते. शेवटी जिंकते ते गाणे. हातात कट्यार असलेला माणूस त्याच्यापुढे नमतो. स्पर्धेची सारी बक्षिसे पाहताना हे नाटक मनात ठेवावे.

आणि ते खाँसाहेब रंगवणारे वसंतराव तरी कोण? मूर्तिजापुरात १९२० साली जन्मलेले आणि नागपुरात वाढलेले. शंकरराव सप्रे यांच्यापाशी ते येथेच शिकू लागले. पुढे लाहोरला असद अली खाँ, मग सुरेशबाबू माने, अमान अली खाँ असे कितीतरी गुरू त्यांनी केले आणि मनात दीनानाथ मंगेशकरांचे गाणे कायम बाळगले. पोटासाठी लष्करी हिशेबाच्या कचेरीत त्यांनी वर्षानुवर्षे खर्डेघाशी केली. 'कट्यार' आले तेव्हा त्यांची सत्तेचाळिशी झाली होती. अनेक वाटांनी आलेले ते गाणे कोणत्या चौकटीत बसवावे, हे तोवर पुष्कळांना उमगलेच नव्हते. अशा गायकाला त्याच्या विशीत दोन मिनिटे गायला लावून कोणी गुण दिले असते, तर किती दिले असते? मला वाटते, बेताचेच. आणि त्यात परीक्षकाचा काही अपराधही नसता. काही आवाज पहिल्या भेटीत सगळे सांगून टाकतात. काहींच्या घरी वरचेवर जावे लागते. दोन मिनिटांच्या परीक्षेत पहिल्या प्रकारचे आवाज पुढे जातात. ते वाईट नसतात. पण दुसऱ्या प्रकारचे आवाज ओळखायला लागणारा धीर आपल्या कानांतून हळूहळू नाहीसा होतो. ही हानी गायकाची थोडी आणि आपली अधिक.

आता पडद्यावर जे आपण 'प्रत्यक्ष' म्हणून पाहतो, त्याविषयीही थोडे बोलले पाहिजे. यातले पुष्कळसे गाणे काही दिवस आधीच चित्रित झालेले असते. टाळ्या कधी वाजवायच्या हे स्टुडिओतल्या प्रेक्षकांना सांगणारा माणूस असतो. परीक्षकाच्या डोळ्यांतले पाणी नेमक्या कोणत्या सुराला आले हे संकलनाच्या मेजावरही ठरू शकते. सूर किंचित घसरला तर तो यंत्राने जागेवर बसवता येतो. याला फसवणूक म्हणावे काय? नाटकातल्या राजाचा मुकुट पुठ्ठ्याचा असतो हे आपण जाणतो, म्हणून तिथे कोणी फसत नाही. रंगरंगोटीला माझी हरकत नाही. परंतु जिथे माणसाला माणसाशी तोलायचे आहे, तिथे तराजूला हात लावलेला चालत नाही. गाणे नटवलेले असावे, पण मग त्याला गुण देऊ नयेत. किंवा गुण द्यावेत, पण मग गाणे जसे झाले तसेच ऐकवावे. दोन्ही एकदम करू पाहणे म्हणजे इतवारीतल्या दुकानदाराने रंग दिलेले संत्रे वजनाबरोबर गोडीचीही हमी देऊन विकण्यासारखे आहे.

आणि मत देणाऱ्या आपणा लोकांचे काय? आपल्या भागातले कोणी अंतिम फेरीत गेले की चौकाचौकांत फलक लागतात. 'आपल्या लेकीला विजयी करा!' शेजारचे काका, ज्यांना भैरवी आणि भूप यांत फरक कळत नाही, तेही मुलांकडून भ्रमणध्वनी चालवून घेऊन मत देतात. यात हसण्यासारखे काही नाही. आपल्या माणसाच्या पाठीशी उभे राहणे हा तर चांगुलपणाच. आत्या, मावशी, शेजारी यांनी पक्षपात करायचा नाही तर कोणी करायचा? पक्षपात हा मायेचा धर्मच आहे. पण न्यायाधीशाचा धर्म नेमका उलटा; त्याने आपला भाऊसुद्धा ओळखू नये. दूरचित्रवाणी एकाच माणसाला एकाच वेळी मावशीही व्हायला सांगते आणि न्यायाधीशही. तिथे मग माया न्यायाचा झगा घालते आणि 'आमची मुलगी आम्हांला आवडते' एवढ्या गोड वाक्याचे 'आमची मुलगी सर्वांत श्रेष्ठ आहे' असे कडू वाक्य होते. पहिल्या वाक्याने कोणाचे काही जात नाही. दुसऱ्या वाक्यात बाकीच्या सर्व मुलींचा पराभव असतो. तेव्हा माया अवश्य करावी, उघडपणे करावी. तिला निकाल म्हणू नये इतकेच.

मुलांच्या बाबतीत हा प्रश्न अधिकच नाजूक होतो. पडद्यावर काम करणाऱ्या मुलांसाठी कायद्याने काही बंधने घातली आहेत. २०१७ च्या नियमांप्रमाणे मुलाला दिवसाला पाच तासांहून अधिक काम देता येत नाही, विश्रांतीवाचून सलग तीन तासांपलीकडे राबवता येत नाही, आणि त्याच्या कमाईतला निदान पाचवा हिस्सा त्याच्या नावे मुदत ठेवीत ठेवावा लागतो. हे फार चांगले झाले. पण कायदा तास मोजू शकतो, पैसे मोजू शकतो. नाव वगळले गेल्यावर रडू आवरणाऱ्या मुलाच्या चेहऱ्यावर कॅमेरा किती क्षण ठेवावा, हे कोणता कायदा सांगणार? तो क्षण लांबतो, कारण आपण तो पाहतो. दाखवणाऱ्याइतकीच पाहणाऱ्याचीही ही जबाबदारी आहे. शेजारच्या घरात मूल रडू लागले तर आपण एक तर धावत जातो, नाहीतर खिडकी लोटून घेतो. खुर्ची ओढून बघत बसत नाही. एवढी साधी रीत पडद्यासमोर का विसरावी?

याच संदर्भात एक फार आशादायक गोष्ट आपल्या डोळ्यांदेखत घडलेली आहे. २००८-०९ साली मराठी 'सा रे ग म प'चे 'लिटिल चॅम्प्स' महाराष्ट्रभर गाजले. पल्लवी जोशी सूत्रे सांभाळीत आणि अवधूत गुप्ते, वैशाली सामंत परीक्षक होते. अंतिम फेरी २००९ च्या फेब्रुवारीत झाली आणि कार्तिकी गायकवाड पहिली आली. त्या रात्री पहिले कोण यावरून घराघरांत केवढे वाद झाले! पण आज कोणालाही विचारून पाहा. लोक कार्तिकी, प्रथमेश लघाटे, आर्या आंबेकर, रोहित राऊत आणि मुग्धा वैशंपायन अशी पाच नावे एका दमात घेतात, आणि त्यांना 'पंचरत्ने' म्हणतात. दुसरे कोण आणि चौथे कोण हे सांगताना मात्र अडखळतात. २०२१ साली त्याच कार्यक्रमाच्या नव्या पर्वात हीच पाच मुले, आता मोठी होऊन, परीक्षकांच्या जागी शेजारी शेजारी बसली. ज्या मतांसाठी इतकी धावपळ झाली, त्यांचा हिशेब लोकांच्या स्मरणाने जवळजवळ पुसून टाकला आणि पाचांचे गाणे तेवढे ठेवून घेतले. लाखो माणसांनी काही महिने गुण दिले आणि पुढे वर्षानुवर्षे गुण घेतले. त्या रात्रीच्या नातवाचीही आता आजी झाली, असे म्हणायला हरकत नाही!

यावरून मला असे वाटते, की स्पर्धा बंद करा असा आग्रह धरण्याचे कारण नाही. ती दार उघडते. तिने ते खुशाल उघडावे. प्रश्न दारातून आत आलेल्याचे स्वागत आपण कसे करतो हा आहे. नागपुरात वसंतरावांच्याच नावाचे सभागृह आहे आणि दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राच्या वतीने त्यांच्या स्मृतीचा संगीत समारोहही होतो. तिथे जाऊन बसावे. तिथे गायक आणि आपण यांच्यामध्ये काच नसते. एखादी जागा सुरेख घेतली गेली की आपल्या तोंडून 'वाहवा' निघते, ती गायकाला ऐकू जाते आणि तिने त्याची पुढची तान बदलते. दाद ही अशी गाण्यात मिसळून जाते. गुण गाण्याच्या बाहेरच राहतात, पाटीवर. पडद्यावर रात्रीमागून रात्री गुण ऐकून सवय बिघडलेल्या कानाला अधूनमधून दादेची आठवण करून द्यावी.

आणि सभागृह तरी कशाला हवे? दिवाळीची पहाट आपल्या घरीच उगवते. अभ्यंगस्नान होते, अंगणात पणत्या तेवत असतात, चकल्या-अनारशांची ताटे फिरतात आणि कोणीतरी म्हणते, "अगं, तुझे गाणे होऊ दे एक!" मुलगी लाजते, आईच्या मागे लपते आणि शेवटी गाते. गाणे संपल्यावर आपण पटकन काय म्हणतो? "यंदा स्पर्धेत भाग घे हो!" किंवा "शाळेत कितवी आलीस?" हे प्रेमानेच म्हटलेले असते, पण ते गाणे ऐकून झाल्यावर नव्हे, बाजूला सारून म्हटलेले असते. त्याऐवजी, "तो मधला तुकडा फार छान झाला, तेवढा पुन्हा म्हण बघू," असे कोणी म्हणाले तर? मुलीला कळेल की आपले गाणे कोणीतरी खरोखर ऐकले. मग ती तो तुकडा पुन्हा म्हणेल, आणि बहुधा पहिल्यापेक्षा चांगला म्हणेल.